पाषाणावरची हिरवळ: काढायची कशी, ठेवायची कधी

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि प्रतापगड त्याच पट्ट्यात उभा आहे. जून ते सप्टेंबर तिथला दगड वाळतच नाही. अशा ठिकाणी तटबंदीवर शेवाळ धरणे, दर्जांमधून, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधून, नेचे डोकावणे, बुरुजाच्या खांद्यावर पिंपळ रुजणे यात नवल काहीच नाही. जुलै २०२५ मध्ये भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. प्रतापगड त्यांत आहे. ११ किल्ले महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांची निगा आता जगाच्या नजरेखाली राहणार आहे, आणि त्या निगेतला सर्वांत चिवट, दरवर्षी नव्याने उभा राहणारा प्रश्न म्हणजे दगडावर वाढणारे हे जीव.

हा प्रश्न फक्त किल्ल्यांचा नाही. गावाबाहेरची वीरगळ, हेमाडपंती मंदिराचे शिखर, गोव्यातले चर्च, लेण्यांमधली मूर्ती, संग्रहालयाच्या अंगणात ठेवलेले शिल्प, सगळ्यांना तो आहे. आणि माझे स्पष्ट मत असे की, या जीवांनी केलेल्या नुकसानापेक्षा ते घाईघाईने काढण्याच्या नादात झालेले नुकसान पुष्कळदा जास्त असते. तोडलेले झुडूप पुन्हा फुटते. शिलालेखावरून तारेचा ब्रश फिरला आणि अक्षराची कड गेली की ती कायमची गेली.

दगडावर जे हिरवे, काळे, राखाडी दिसते त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. प्रत्यक्षात तिथे निरनिराळे जीव राहतात, आणि कोण राहते आहे यावर उपाय ठरतो. सर्वांत आधी येतात नीलहरित जीवाणू आणि सूक्ष्म शैवाले. त्यांना माती लागत नाही. ओल आणि उजेड पुरतो. बुरुजावरून किंवा मंदिराच्या छपरावरून पाणी जिथून वाहते तिथे उभे काळे ओघळ दिसतात, ते बहुतेकदा यांचेच. कडक उन्हापासून बचाव व्हावा म्हणून हे जीवाणू आपल्या आवरणात गडद रंगद्रव्य साठवतात. त्यामुळे उन्हाळ्यात तो थर काजळीसारखा दिसतो आणि पाऊस लागला की हिरवट होतो. स्वतःभोवती ते एक चिकट, बुळबुळीत द्रव्य सोडतात. ते भिजले की फुगते, वाळले की आकसते, आणि दरवेळी दगडाचे सुटू पाहणारे कण थोडे थोडे ओढते. शिवाय काळा झालेला दगड उन्हात जास्त तापतो.

मग येते लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे लायकेनच. बुरशी आणि शैवाल, किंवा बुरशी आणि नीलहरित जीवाणू, अशा जोडीने ते बनलेले असते. बुरशी आसरा देते, ओल धरून ठेवते. शैवाल अन्न तयार करते. मसाल्यातले दगडफूल पानासारखे सुटे असते. जुन्या भिंतींवर मात्र जास्त करून दिसतात ती रंगाचा हात मारल्यासारखी चिकटलेली राखाडी, पिवळट, नारिंगी ठिगळे. नखाने ती निघत नाहीत, कारण बुरशीचे तंतू स्फटिकांमधल्या फटींतून आत उतरलेले असतात, चुनखडीच्या दगडात तर काही मिलिमीटरपर्यंत. त्यातून स्रवणारे ऑक्झॅलिक आम्ल खनिजांमधले कॅल्शियम आणि लोह सुटे करते. वाढ मात्र अतिशय मंद. कित्येक जाती वर्षाला मिलिमीटरभरही पसरत नाहीत, म्हणजे तळहाताएवढे ठिगळ काही दशकांचे असू शकते. जिवंत, कोरडे ठिगळ खरवडून काढले की त्याबरोबर दगडाचा वरचा पापुद्राही येतो. कोरीव कामात नेमका तोच पापुद्रा मोलाचा असतो, कारण कारागिराच्या छिन्नीची शेवटची खूण त्याच्यावर असते.

यापुढची मंडळी मोठी आणि ओळखीची आहेत. दर्जांमध्ये धूळ साठते, तिथे मखमली मॉस धरते, मॉसने ओल टिकवली की नेचे, गवत, झुडपे, आणि शेवटी वड, पिंपळ, उंबर.

हे सगळे काढूनच टाकायचे का? एकेकाळी उत्तर सरळ होते: स्वच्छ दगड म्हणजे निरोगी दगड. गेल्या काही दशकांत संवर्धनाच्या क्षेत्रात ही समजूत बरीच बदलली आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या भिंतींवर चढलेल्या आयव्ही वेलीचा अभ्यास केला. वेलीखालच्या भिंतीला उन्हाचा आणि थंडीचा तडाखा कमी बसतो, धूळही कमी चिकटते, असे त्यात दिसले. वेलीची मुळे फटीत शिरली तर ती घातक ठरते, हेही तितकेच स्पष्ट झाले. तिथेच पडक्या भिंतींच्या उघड्या माथ्यावर मुद्दाम गवताची लादी बसवण्याची पद्धत रुळली आहे. गवत पावसाचा मारा झेलते, भिंतीचा गाभा झिजत नाही. सह्याद्रीच्या पावसात हे जसेच्या तसे उतरेल असे मी म्हणणार नाही. पण तटाच्या माथ्यावरचे आखूड मुळांचे गवत आणि दर्जेत रुजलेले पिंपळाचे रोप एकाच कोयत्याने कापले जाते, ते मला चुकीचे वाटते. पहिल्याला उपटले की भिंतीचा चुना-मातीचा गाभा पावसात उघडा पडतो. दुसऱ्याला ठेवले की बुरूज फुटतो.

कंबोडियातल्या अंकोर वाट मंदिराचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १९८६ ते १९९३ या काळात, तिथली परिस्थिती अतिशय बिकट असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने तिथे दुरुस्तीचे काम केले. कोसळू पाहणारे भाग सावरले गेले. वालुकाश्मावरची वाढ रसायनांनी धुण्यावर मात्र नंतर बरीच टीका झाली. धुतलेला दगड काही वर्षांत पुन्हा काळवंडू लागला, कारण मोकळ्या झालेल्या जागेवर नीलहरित जीवाणूंनी पुन्हा बस्तान बसवले. रिकामा, ओला, उजेडातला दगड कधीच रिकामा राहत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

त्यामुळे पहिला उपाय औषधाचा नाही, पाण्याचा आहे. ओल्ड गोव्यातली बॉम जेझस बॅसिलिका यासाठी पाहावी. १५९४ साली तिचे बांधकाम सुरू झाले. भिंती जांभ्या दगडाच्या, आणि त्यावर बाहेरून चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी तो गिलावा उतरवला, जेणेकरून वास्तू अधिक पुरातन दिसावी. आज पर्यटक त्या लालसर उघड्या दगडालाच तिचा मूळ चेहरा समजतात. पण जांभा भोकाभोकांचा दगड आहे, पाणी पितो. कोकण-गोव्याच्या पावसात तो महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि ओल्या जांभ्यावर शेवाळ येणारच. तिथे कितीही जैवनाशक फवारले तरी ओल तशीच राहील. गिलावा पुन्हा करावा की नाही यावर वाद आहेत, कारण उघडा दगड हेच आता लोकांच्या मनातले रूप झाले आहे. माझा कौल गिलाव्याच्या बाजूने आहे. जुन्या गवंड्यांनी तो शोभेसाठी केला नव्हता. दगड कोरडा ठेवण्याची ती त्यांची रीत होती.

जावा बेटावरच्या बोरोबुदूर स्तूपाची गोष्ट याहून मोठी. नवव्या शतकातली ही वास्तू अँडेसाइट या ज्वालामुखीजन्य दगडाची आहे, म्हणजे आपल्या काळ्या बेसाल्टच्या जवळच्या नात्यातल्या दगडाची. ती एका मातीच्या टेकडीभोवती रचलेली आहे. पावसाचे पाणी वरून टेकडीत मुरायचे आणि शिल्पपटांच्या दगडांतून बाहेर पाझरायचे. त्यामुळे त्या अप्रतिम शिल्पांवर मॉस, शैवाल, लायकेन आणि क्षारांचे थर माजले होते. १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत युनेस्कोच्या मदतीने इंडोनेशियाने जीर्णोद्धार केला. दगड उतरवले, साफ केले, क्रमांक देऊन पुन्हा जागच्या जागी बसवले. हाताळलेल्या दगडांची संख्या दहा लाखांच्या पुढे जाते. सगळ्यांत महत्त्वाचे काम मात्र आज कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. शिल्पपटांच्या मागे पाणी अडवणारे थर आणि ते वाहून नेणारे निचऱ्याचे मार्ग घातले गेले. वाढ आजही होते, तिथला पाऊसच तसा आहे. पण शिल्पांमधून आतून येणारी ओल पुष्कळ तुटली.

आपल्या किल्ल्यांवर आणि मंदिरांवर पाण्याची वाट शोधणे इतके अवघड नसते. बुजलेली पन्हळ, छपरावर साठलेली माती, जोत्याला टेकलेला राडारोडा, तटाच्या आतल्या अंगाला साचणारे डबके, एवढ्याने ओलीचा निम्मा हिशेब लागतो. उरलेला लागतो सिमेंटने. जुन्या चुन्याच्या दर्जा खरवडून त्या सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून वाट काढते. दगडाला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात, आणि पूर्वी दर्जेत असलेले शेवाळ दगडाच्या तोंडावर येते. भिंत भक्कम केल्याचे समाधान एक-दोन वर्षे टिकते. चुन्याची दर्ज झिजते आणि पुन्हा भरावी लागते हे खरे, पण दगडाऐवजी ती झिजते, आणि तेच तिचे काम आहे.

आता प्रत्यक्ष सफाई. समजा, एका वीरगळीवरची वाढ काढायची हे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने, जाणकाराच्या देखरेखीखाली ठरले आहे. पहिले काम छायाचित्राचे. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात, किंवा बॅटरी बाजूने धरून, म्हणजे उठाव आणि झिजलेली अक्षरे स्पष्ट येतात. नंतर दगडाच्या पायाशी पांढरे कापड अंथरायचे आणि कोरड्या मऊ कुंचल्याने अगदी हलका हात फिरवायचा. कापडावर हिरवी-काळी भुकटी पडली तर पुढे जाता येते. वाळूसारखे कण पडले तर तिथेच थांबायचे; दगड सुटतो आहे, त्याला आधी बळकटी हवी. पुढची चाचणी मागच्या बाजूला, बोटभर जागेवर. साधे, क्षार नसलेले पाणी, नायलॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश, खाचांसाठी बांबूची किंवा लाकडाची पातळ काडी. धातू नको. भिजवायला खालून सुरुवात करायची आणि वर जायचे, म्हणजे मळके पाणी कोरड्या दगडावर ओघळून डाग पडत नाहीत. निघालेला चोथा कापडात गोळा करून लांब नेऊन टाकायचा. तो तिथेच पडला तर त्यातले बीजाणू आणि तुकडे पुन्हा रुजतात. लायकेनचे चिकट ठिगळ असेल तर त्याला आधी मारावे लागते आणि मग वाट पाहावी लागते. मेलेले लायकेन ऊन-पावसात हळूहळू पकड सोडते, आणि काही महिन्यांनी मऊ ब्रशने निघते. जे कित्येक वर्षांत चिकटले ते एका रविवारी काढायचा आग्रह धरला की दगड जातो. दाबाच्या पाण्याचे यंत्र आणि वाळूचा फवारा यांचे तर नावही घेऊ नये.

मारायचे कशाने, हा खरा वादाचा मुद्दा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा डेहराडूनहून चालते. तिच्या कामात विरळ अमोनिया आणि सौम्य साबणद्रव्याने धुऊन त्यावर बुरशीनाशक लावण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. जगभर सर्वाधिक वापर होतो तो बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारख्या अमोनियमयुक्त जंतुनाशकांचा, आणि ती पाण्यात अगदी थोड्या प्रमाणात मिसळून वापरली जातात. कागदाच्या लगद्यात भिजवून दगडावर लेप द्यायचा, वर प्लास्टिक झाकायचे आणि दिवस-दोन दिवस ठेवायचे, म्हणजे कमी औषधात काम होते. वेळ मात्र नेमकी साधावी लागते. वाळलेले लायकेन जवळजवळ निद्रेत असते, त्याला औषध लागत नाही. भर पावसात औषध वाहून जाते. आपल्याकडे पाऊस थांबून दगडात अजून ओल असते तो ऑक्टोबरच्या आसपासचा काळ त्यातल्या त्यात बरा.

घरगुती उपायांपैकी दोन अगदी घातक आहेत. ब्लीचिंगचे द्रावण दगड दिवसात पांढरा करून दाखवते, पण मागे क्षार सोडते. ते क्षार आत जाऊन स्फटिक बनतात आणि पुढच्या उन्हाळ्यात दगडाचे कवच फोडतात. फरशी धुण्याचे ॲसिड चुनखडी विरघळवते, चुन्याच्या दर्जा खाते, आणि बेसाल्ट-जांभ्यातले लोह सुटे करून तांबूस डाग पाडते. हायड्रोजन पेरॉक्साइड मागे काही ठेवत नाही हा त्याचा गुण, पण लोहयुक्त दगडाचा रंग तेही बदलू शकते. म्हणून एका देवळावर चाललेले औषध दुसऱ्या देवळावर डोळे झाकून चालवता येत नाही.

रसायनांवर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेने दाखवले आहे. सतरा हजार वर्षांच्या आसपास जुनी प्राण्यांची चित्रे असलेली ही गुहा सप्टेंबर १९४० मध्ये सापडली आणि १९४८ साली लोकांसाठी खुली झाली. रोज शेकडो माणसे आत जाऊ लागली. त्यांचा श्वास, अंगाची ऊब, दिव्यांचा उजेड आणि बुटांबरोबरची माती यांनी हजारो वर्षे स्थिर असलेली हवा बदलली. भिंतींवर हिरवे शैवाल आले, कॅल्साइटचा पांढरा थर चढू लागला. १९६३ साली संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. शैवाल फॉर्मॅल्डिहाइड आणि प्रतिजैविकांनी आटोक्यात आणले गेले, आणि पुढे आत जाणाऱ्या मोजक्या माणसांचे बूट फॉर्मॅल्डिहाइडच्या पाण्यात बुडवून घेण्याचा नियम झाला. अनेक वर्षे सगळे ठीक वाटत होते.

मग हवा नियंत्रित करणारी यंत्रणा बदलली गेली, आणि त्यानंतर २००१ मध्ये एक पांढरी बुरशी जमिनीवर आणि कडेच्या दगडांवर झपाट्याने पसरली. फ्युजेरियम सोलानी हे तिचे नाव. फॉर्मॅल्डिहाइडला ती दाद देत नव्हती. इतर जीव त्या औषधाने वर्षानुवर्षे मरत राहिले आणि हिला मैदान मोकळे झाले असावे, असे संशोधकांचे म्हणणे. जमिनीवर कळीचा चुना टाकला, भिंतींना बेन्झाल्कोनियम क्लोराइड आणि प्रतिजैविकांचे लेप दिले. पांढरी बुरशी मागे हटली. काही वर्षांत काळे डाग वाढू लागले, हे दुसऱ्याच बुरशीचे. पुढे झालेल्या अभ्यासांत दिसले की, गुहेतल्या जीवाणूंपैकी काहींना जंतुनाशक पचवता येत होते. औषधाचा उरलेला अंश त्यांचे अन्न ठरत होता. मेलेल्या बुरशीवर जगणारे बारीक कीटकही वाढले आणि काळ्या बुरशीचे बीजाणू अंगावर घेऊन गुहाभर फिरले. शेवटी तज्ज्ञांनी औषधे जवळपास थांबवली, माणसांचा वावर अगदी मोजका केला आणि हवेच्या स्थैर्यावर भर दिला. लोकांना आज जवळच उभारलेली प्रतिकृती दाखवली जाते. औषध एका जीवाला मारते तेव्हा पुढच्या जिवाची निवडही तेच करते, हे लास्कोइतके स्वच्छ दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी दिसलेले नाही.

त्यामुळे मागे विष न ठेवणाऱ्या उपायांचा शोध जोरात चालू आहे. त्यांतला उष्णतेचा उपाय मला आपल्यासाठी सर्वांत आशादायक वाटतो. कोरडे लायकेन साठ अंश सेल्सिअसचे ऊनही सोसते, पण पुरते भिजलेले असताना त्याहून कमी उष्णताही काही तास मिळाली तर ते मरते, असे इटलीतल्या प्रयोगांत आढळले. म्हणजे दगड भिजवायचा, ओल उडू नये असा झाकायचा आणि उन्हाला काम करू द्यायचे. एप्रिलचे ऊन आपल्याकडे फुकट आहे. आपल्या बेसाल्टवर, आपल्या लायकेनवर याच्या चाचण्या एखाद्या विद्यापीठाने जरूर घ्याव्यात. अतिनील किरणांचा दिवा शैवालाला मारतो, विशेषतः दिव्यांच्या उजेडाने हिरव्या झालेल्या गुहांमध्ये. पण किरण आत शिरत नाहीत, आणि रंगवलेल्या पृष्ठभागावर ते वापरण्याआधी दहा वेळा विचार करावा. वॉशिंग्टनमधल्या जेफरसन स्मारकाच्या संगमरवरी घुमटावरचा काळा जैविक थर लेझरने काढला गेला; उपाय नेमका आहे, पण महाग आणि संथ.

वनस्पतींच्या तेलांचे प्रयोगही गंभीरपणे चालू आहेत. व्हॅटिकन संग्रहालयांनी आपल्या बागेतल्या संगमरवरी पुतळ्यांवर लव्हेंडर, थाइम यांसारख्या वनस्पतींची सुगंधी तेले वापरली. बोरोबुदूरला गवती चहाच्या कुळातल्या सिट्रोनेलाचे तेल वापरात आले आहे. तेल लवकर उडून जाते, परिणाम लांबत नाही, आणि कच्च्या तेलाचा पिवळसर अंश मागे राहू शकतो, ही त्याची मर्यादा. आपल्या पूर्वजांनाही वनस्पतींचा असा उपयोग ठाऊक होता का? वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि अवशेष सापडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. भांग न घातलेल्या अजिंठ्याच्या गिलाव्याचे किडींनी बरेच नुकसान केले, वेरूळच्या गिलाव्याचे केले नाही, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष.

शेवटी पिंपळ. आपल्या किल्ल्यांना खरा धोका त्याचाच. पक्षी आणि वटवाघळे फळे खातात, बी दर्जेत पडते. पहिल्या वर्षी ते रोप दोन बोटांनी निघते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुळे गाभ्यात गेलेली असतात आणि पुढे त्यांची जाडी दगड हलवते. वरून बुंधा छाटला की झाड मरत नाही, उलट अनेक फुटवे घेऊन येते. म्हणून छाटल्याबरोबर ताज्या कापावर, किंवा बुंध्याच्या लाकडात छिद्रे पाडून, तणनाशक दिले जाते. हिंग भरण्याचा जुना उपायही अनेक जण करतात. औषध लाकडातच राहिले पाहिजे, दगडावर सांडू नये, आणि जवळ पाण्याचे टाके असेल तर विशेष काळजी हवी. मोठे झाड असेल तर मूळ ओढून काढायचा मोह आवरावा. मुळाने दगड फोडलेले असतात आणि तेच मूळ आता ते धरूनही ठेवत असते. ते मेल्यावर कुजते, पोकळी होते आणि एखाद्या पावसाळ्यात बुरूज बसतो. त्यामुळे आधी आधार द्यायचा, दगडांना क्रमांक द्यायचे, ते उतरवून मूळ काढायचे आणि चुन्यात पुन्हा रचायचे. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरात झाडे आणि भिंती एकमेकांत इतक्या गुंतल्या आहेत की, तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि कंबोडियाचे अप्सरा प्राधिकरण यांनी झाडे जपतच वास्तू सावरण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे पिंपळ-उंबर तोडायला अनेकांचा हात धजावत नाही. त्या भावनेचा मान राखणेही सोपे आहे: पहिल्या वर्षीच रोप मुळासकट काढून पायथ्याच्या मातीत लावावे.

केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा आणि महाराष्ट्रातल्या राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा कायदा लागू आहे. परवानगीशिवाय तिथल्या दगडाला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पाहण्याला आणि नोंद ठेवण्याला परवानगी लागत नाही, आणि पुरातत्त्व खात्याकडे माणसे कमी असताना हीच मदत सर्वांत मोलाची ठरेल. तुमच्या गावचा किल्ला किंवा देऊळ भर पावसात पाहून या. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, कोणत्या दर्जेत पिंपळाचे कोवळे पान दिसते, हे तारखेसह वहीत लिहा, छायाचित्रे घ्या, आणि ती नोंद पुरातत्त्व खात्याच्या जवळच्या कार्यालयात लेखी पोहोचवा. पुढच्या वर्षी त्याच जागा पुन्हा पाहा.